दोन दशांश स्थळांपर्यंत

माझे बाबा पाणी मोजायच्या ऑफिसात कारकून होते. ऑफिस वर्ध्याला, घर नाचणगावला. रोज सकाळी सायकलने पुलगाव स्टेशन गाठायचं, गाडी धरायची आणि आठच्या आत टेबलावर असायचं, असा त्यांचा नेम. लहानपणी मला वाटायचं, पाणी मोजायचं म्हणजे बाबा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, बादली घेऊन नदीत उतरत असतील. शाळेत बाईंनी वडलांचं काम विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं आणि अख्खा वर्ग हसला. घरी येऊन मी बाबांवरच रागावले.

खरं काम कोरडं होतं. रोहण्याच्या पुढे एक धरण आहे. तिथला एक माणूस सकाळी आठ वाजता भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवरून पाण्याची पातळी वाचायचा आणि फोनवर सांगायचा. बाबा ती पातळी तक्त्यात शोधायचे. पाणी समुद्रसपाटीपासून इतक्या मीटरवर असेल तर धरणात साठा इतका, असा तो तक्ता. साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. पण हे एकच एकक सगळ्यांना चालत नसे. कालव्यावरच्या लोकांना तोच आकडा सघमीत, म्हणजे सहस्र घनमीटरमध्ये हवा असे. वर्षाच्या अहवालात सगळ्या धरणांची बेरीज घन किलोमीटरमध्ये जायची. पाणी तिथंच असायचं, बाबा दिवसभर त्याला लहान-मोठ्या मापांत ओतत बसायचे.

मी नववीत असताना त्यांनी मला हे शिकवायचा एकदा प्रयत्न केला. रविवार होता. त्यांनी मोरीतून कपड्याच्या साबणाची नवी वडी आणली, आईच्या विळीवर तिचे लहान चौकोनी तुकडे केले आणि ओसरीत मांडी घालून बसले.

"हा एक तुकडा," ते म्हणाले. "आता याच्या दुप्पट बाजूचा ठोकळा करून दाखव."

मी दोन तुकडे शेजारी ठेवले.

"हे त लांबीतच दुप्पट झालं. रुंदीतही पायजे, उंचीतही पायजे."

शेवटी आठ तुकडे लागले. बाबा खूश झाले. "पाह्यलं? बाजू दुप्पट, त पोटातलं आठपट. आता बाजू दहापट केली त?"

"ऐंशी," मी म्हटलं. माझं लक्ष आत चाललेल्या टीव्हीकडे होतं.

"नाई बेटा, हजार. दहा मीटरच्या पेटीत एक सघमी मावते. शंभर मीटरच्या पेटीत एक दलघमी. आन् एक किलोमीटरची पेटी केली त घन किलोमीटर. दर पायरीले हजार. खाली उतरताना गुणायचं, वर चढताना भागायचं."

तेवढ्यात आई आली. विळीला लागलेला साबण पाहून तिनं कपाळावर हात मारला. "आता धुनं कायनं धुवू मी? हे तुकडे हातात तरी रायतीन काय?"

बाबा काहीतरी पुटपुटले आणि त्या गडबडीत मी उठून आत गेले. दारातून दिसत होतं, ते एकटेच तुकडे पुन्हा रचत होते. मला बोलावतील असं वाटलं. त्यांनी बोलावलं नाही.

ते घरी फार बोलायचेच नाहीत. संध्याकाळी यायचे, चहा घ्यायचे, पेपर वाचायचे. मला ते कंटाळवाणे वाटायचे, हे आज लिहायला जड जातं, पण खरं आहे. मैत्रिणींचे वडील मोठ्यानं हसायचे, जत्रेला न्यायचे. माझ्या वडलांकडे फक्त आकडे होते आणि तेही एवढे मोठे की कुठे वापरता येणार नाहीत.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा एका दुपारी ऑफिसातच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

चार वर्षांनी मला अनुकंपा तत्त्वावर त्याच ऑफिसात नोकरी लागली. पहिल्या दिवशी मी त्यांचं टेबल शोधत होते. टेबल बदललं होतं. कपाट नवं होतं. त्यांच्या हातच्या नोंदवह्या रेकॉर्डच्या खोलीत गेल्या होत्या आणि त्या खोलीत दोन पावसाळे पाणी शिरून गेलं होतं. शिपायानं मला एक गठ्ठा आणून दाखवला, पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. घरीही त्यांचं अक्षर म्हणजे माझ्या प्रगतिपुस्तकांवरच्या सह्या, तेवढंच. पत्र लिहायचे नाहीत, डायरी ठेवायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला आणि घरी उचलायची तशीच बोलले, "जयभीम, बोला."

पलीकडे मोकळं रान असावं. पाखरं ओरडत होती, वारा होता. मी दोनदा हॅलो म्हटलं.

"तुमी साहेबाच्या कोन?" एक पुरुषाचा आवाज आला. जरा घोगरा.

"कोणत्या साहेबांच्या?"

"याच टेबलावर असे. फोन उचलला का आधी जयभीम म्हने. तुमी अगदी तसंच म्हनलं, म्हून इचारलं."

मी म्हटलं, मी त्यांची मुलगी. मग तो म्हणाला, "बरं. लिवून घ्या बाई. दोनशे शहात्तर पॉइंट चाळीस." आणि फोन ठेवला.

बाबांना वीस वर्षं रोज सकाळी पातळी सांगणारा माणूस तो हाच. पट्टी म्हणजे गेज, म्हणून ऑफिसातले त्याला गेजवाला म्हणत. मी काका म्हणायला लागले. ते मला आधी बाई म्हणायचे, महिनाभरानं कधीतरी 'माय' म्हणायला लागले, आमच्याकडे लेकीबाळींना म्हणतात तसं.

काकांचा फोन दोन मिनिटांचा असायचा. पहिल्या अर्ध्या मिनिटात आकडा, उरलेल्या वेळात बाबा. मी विचारायची आणि ते सांगायचे. बाबा सकाळी फोनवर आधी काय विचारायचे? "चा झाला काय, हे इचारे. नसंन झाला त म्हने, आधी घे, मंग पट्टी वाच, उपाशी मानसाले एक सेंटिमीटर कमी दिसते." मी रिसीव्हर कानाला लावून हसायची. माझे बाबा विनोद करायचे! एकदा कळलं, धरणावर करकोचे आले की त्यांना त्याची बातमी हवी असायची, किती आले, कुठे बसले. एकदा कळलं, ते गुणगुणायचे. आकडा तक्त्यात शोधताना रिसीव्हर खांद्याला धरून गुणगुणायचे आणि काका पलीकडे ऐकत उभे राहायचे.

घरी गेल्यावर मी आईला हे सांगायची. आई म्हणायची, "माह्यासमोर नाई कधी गायले." त्यात तक्रार नव्हती, पण पोळ्या लाटताना तिचा हात थोडा थांबायचा.

एका हिवाळ्यात काका सहज बोलून गेले, "तुह्याबद्दल लय सांगे तो. म्हने, पोरगी गनितात हुशार हाये, पन माह्यापाशी बसत नाई."

त्या दिवशीचा साठा मी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा वेगळा आला.

मला वाटतं, त्या दोन मिनिटांसाठीच मी लवकर जायला लागले. ऑफिसचं कुलूप उघडायच्या आधीच मी पायरीवर असायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला घरात अस्वस्थ व्हायचं. माझ्या वयाच्या मुली कुणाच्या फोनची वाट पाहत होत्या आणि मी एका म्हाताऱ्या माणसाच्या. त्याच्याजवळ माझ्या वडलांच्या वीस वर्षांच्या सकाळी होत्या, माझ्याकडे नुसत्या संध्याकाळी.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून चूक झाली. एप्रिल होता. नदीकाठच्या गावांच्या विहिरींना पाझर मिळावा म्हणून धरणातून नदीत पाणी सोडायचं होतं. वरून आलेल्या पत्रात आकडा होता साडेचार हजार सघमी. धरणावर जाणाऱ्या आदेशात तो दलघमीत लिहायचा होता. हजारानं भागायचं. साडेचार. मी लिहिलं शून्य पूर्णांक पंचेचाळीस. कसं झालं ते आजही सांगता येत नाही. साहेबांनी सही केली. त्या हिशेबानं गेट सकाळी आठला उघडून दुपारी दोनला बंद करायचं होतं.

पावणेदोनला फोन वाजला. त्या वेळी काकांचा फोन कधीच येत नसे.

"माय, एक गोष्ट इचारू काय? रागावू नको."

"बोला ना काका."

"हे सहा तासाचं पानी कोनासाठी सोडलं? हे त पहिल्या डोहापर्यंतच जाईन आन् वाळूत जिरून जाईन. खालच्या गावचे लोक सकाळपासून नदीत उभे हायेत. मी तीस वर्षं पानी सोडून राह्यलो, इतकं कमी कधी सोडलं नाई. कागद एकडाव पाहून घे."

मी कागद काढला. पत्रातला आकडा, माझा आकडा. मी म्हटलं, "काका, गेट बंद करू नका. माझं चुकलं. दहापट कमी लिहिलं मी."

"मले तसंच वाटलं. दोन वाजाले पंधरा मिनिटं हायेत. तू साहेबाची सही घे, तवरक मी गेटची चाबी शोधून राह्यलो असं समज. सापडून नाई राह्यली." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

साहेब चिडले, पुष्कळ बोलले. त्यांचं बरोबर होतं. मग सही केली. सुधारित आदेश फोनवर वाचून दाखवला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती आणि गेट उघडंच होतं. पाणी अडीच दिवस वाहिलं. शेवटच्या गावच्या विहिरीला पाझर लागला, हे काकांनीच चौथ्या दिवशी सांगितलं.

त्या सकाळी मी त्यांना म्हटलं, "काका, बाबांच्या हातून असं कधी झालं नसतं."

"कोन म्हनते?" काका हसले. "तुह्या बापानं एक शून्य खाल्लं नव्हतं, एक शून्य जास्त देल्लं होतं."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. मी शाळेत असतानाची. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या वाळूत लोक डांगरवाड्या लावतात, खरबूज-टरबूज पिकवतात. बाबांनी सघमीचा आकडा दलघमीत लिहिताना शंभरानंच भागलं होतं. दहापट पाणी सुटलं. कुणी माणूस पाण्यात सापडला नाही, पण डांगरवाड्या आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाबा रजा टाकून एसटीनं आले. कुणी बोलावलं नव्हतं. नदीत जाऊन लोकांसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, आकडा मी चुकवला. मग दिवसभर त्यांच्याबरोबर गाळात उतरून वेल सोडवत बसले.

"लोकांनी शिव्या दिल्या?" मी विचारलं.

"देल्ल्या ना. कायले नाई देनार? पन दुपारी भाकरही त्याईनंच देल्ली."

मला तो दिवस आठवला. बाबा संध्याकाळी गाळानं माखलेल्या पॅन्टमध्ये घरी आले होते. स्टेशनजवळ घसरून पडलो म्हणाले. मी दार उघडून, नाक मुरडून बाजूला झाले होते.

मी काकांना म्हटलं, मला धरण पाहायचं आहे. तीन वर्षं मी त्या पाण्याचा हिशेब करत होते आणि ते पाणी पाहिलं नव्हतं.

"मे महिन्यात येजो," काका म्हणाले. "पानी खाली गेलं का येजो. तुह्या बापाले दाखवलं ते तुलेही दाखवतो."

मेच्या शेवटच्या रविवारी मी पुलगावहून आर्वीच्या एसटीनं रोहण्याला उतरले. फाट्यावर एक माणूस मोटरसायकल घेऊन उभा होता. आवाजावरून मी दणकट माणूस मनात धरला होता. हा किरकोळ, पांढऱ्या मिशांचा, डोळ्याला जाड चष्मा. मला पाहून त्यानं आधी विचारलं, "चा झाला काय?"

मी नाही म्हटलं. आणि रस्त्यावरच मला रडू आलं. ते बिचारे गोंधळले. "अवं, समोरच हाटेल हाये ना," म्हणाले.

धरणाच्या भिंतीवरून त्यांनी मला पट्टी दाखवली. पांढऱ्यावर काळे आकडे, अर्धे उन्हात, अर्धे पाण्यात. मग आम्ही मागच्या बाजूनं पात्रात उतरलो. पाणी दूर गेलं होतं. भेगाळलेल्या गाळावरून अर्धा तास चाललो आणि पुढे घरांची जोती दिसायला लागली. नुसती जोती. भिंती कधीच विरघळल्या होत्या. एक दगडी उखळ, चुलीजवळचा काळा दगड, पार, त्यावर वठलेलं खोड.

"हे आमचं गाव," काका म्हणाले. "धरन झालं तवा आमी वर गेलो. मंग मले याच धरनावर नोकरी लागली."

मला हे तीन वर्षांत कळलं नव्हतं. ते रोज सकाळी पातळी सांगायचे, मी ती लिहून घ्यायची. ती पातळी त्यांच्या गावावर चढणाऱ्या पाण्याची आहे हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आता ते बोटानं दाखवत चालले होते. इथं पाणी दोनशे एकाहत्तर पॉइंट वीसला येतं, हा पार जातो. तीसला शाळा. पन्नासला आमचं घर.

घर म्हणजे एक उंबरा आणि चार बाजूंच्या दगडांची ओळ. आम्ही उंबऱ्यावर बसलो. ऊन चढत होतं, पण वारा पाण्यावरून येत होता.

"तुहा बाप अठीच बसलता," काका म्हणाले. "डांगरवाडीचं झालं, त्या दिवशी. मी त्याले इचारलं, साहेब, तुमी इतकं मोठमोठं पानी मोजता, माह्या घरावर किती पानी रायते तेवढं सांगा. तो उठला. पावलं टाकून घर मोजलं. दहा मीटर आंगनासकट, दहा मीटर आडवं. वर पानी किती चढते, म्हने. मी म्हनलं सहा मीटर. त त्यानं खिशातून कागद काढून गनित केलं."

काकांनी खिशातून पाकीट काढलं, त्यातून प्लास्टिकची पिशवी, तिच्यातून वहीच्या पानाचा चतकोर. मला धरू दिला.

बाबांचं अक्षर. सहाचं शेपूट वर वळवलेलं, शून्य थोडं तिरकं. मी किती वर्षांनी पाहत होते! वर लिहिलं होतं, 'गावठाण अंदाजे ४ हेक्टर × ६ मी. = २,४०,००० घ.मी. = २४० सघमी = ०.२४ दलघमी'. त्याखाली, 'घर १० × १० × ६ = ६०० घ.मी. = ०.६ सघमी = ०.०००६ दलघमी'. आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'अहवालात दोन दशांश स्थळंच लिहितात, म्हणून तिथं ०.०० दिसेल. पण आहे.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला ठाऊक होतं ते कसं होतं. रोज मी दोन दशांशांपुढचं कापून टाकायची. नियमच तसा. एक सेंटिमीटर पाणी चढलं-उतरलं तरी काही हजार घनमीटर इकडेतिकडे होतात, सहाशे घनमीटर कुणाच्या खिजगणतीत नसतात. एक घर, अंगण, त्यात आजोबांपासून राहिलेली माणसं, वरचं सहा लाख लिटर पाणी, सगळं मिळून शून्य पूर्णांक शून्य शून्य.

"वाचून त्यानं मले समजावलं," काका म्हणाले. "म्हने, एकक मोठं घेतलं का लहान गोष्ट दिसत नाई, त्यात तुह्या घराचा दोष नाई. एकक लहान घे, मंग दिसते. घनमीटरात सहाशे हाये. लिटरात सहा लाख. तुले जे बरं वाटन ते लक्षात ठेव."

"तुम्ही कोणतं ठेवलं?"

"मी सहा लाख ठेवलं," काका म्हणाले आणि मिशीत हसले.

मी म्हटलं, "काका, हा कागद मला द्याल? माझ्याकडे त्यांच्या हातचं काहीच नाही."

खालच्या दगडावरचा वाळलेला शंख उचलून काकांनी बोटात फिरवला. मग म्हणाले, "नाई देत मी, माय. वाईट वाटून घेऊ नको. तुले बापाचं अक्षर दिसते, मले माहं घर दिसते. आता याच कागदावर हाये ते."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी त्यांनी दिला असता तर मी घेऊ नये असंही वाटलं. मी मोबाइलवर फोटो काढला. घरी आईला मोठा करून दाखवला. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं तर फोटो सरकला. "धरून दे," ती म्हणाली, "मले नीट पाहू दे." मी मोबाइल धरून उभी राहिले. ती बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, "समजावून सांग मले हे."

मी जेवणाच्या ताटावरच बसून तिला सांगितलं. सघमी, दलघमी, दर पायरीला हजार. आई मधे मधे प्रश्न विचारत होती. तिला सगळं कळलं असं नाही, पण ती उठली नाही. मी जे बारा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते ती करत होती.

त्यानंतर दोन वर्षं सकाळचे फोन तसेच चालू राहिले. मग धरणावर यंत्र बसलं. पाण्याची पातळी आता आपोआप दर तासाला संगणकावर येते. शेजारच्या रकान्यात साठा, हव्या त्या एककात. घनमीटर निवडा, दलघमी निवडा, घन किलोमीटर निवडा, आकडा डोळ्यांदेखत बदलतो. चूक होत नाही. माझं काम आता तो आकडा आला की नाही हे बघायचं. काकांची नोकरी त्याच वर्षी संपणार होती, ती संपली. शेवटच्या दिवशी त्यांनी फोन केला, पातळी सांगितली, मी सवयीनं लिहून घेतली, यंत्रातही तीच होती. "बराबर हाये काय?" त्यांनी विचारलं. बरोबर होती. "मंग झालं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आठ वाजून दहा मिनिटांनी ऑफिसात शांतता असायची. कुणाच्या लक्षात आली नसेल. पंखा फिरायचा, बाहेर झाडू चालायचा. मी टेबलावर बसून असायची. बाबांची प्रत्येक सकाळ मला थोडी थोडी मिळत होती, ती पुरी व्हायच्या आतच पुरवठा थांबला असं वाटायचं. काय विचारायचं राहिलं याची मी मनात यादी करायची. गुणगुणायचे ते कोणतं गाणं? ते मी कधी विचारलंच नव्हतं.

दोन महिने गेल्यावर मी काकांच्या लेकीचा नंबर मिळवला. ते तिच्याकडे हिंगणघाटला राहायला गेले होते. मी फोन केला. त्यांनी ओळखलं, पण ऐकायला कमी येऊ लागलं होतं. मोठ्यानं बोलावं लागलं. मी गाण्याचं विचारलं.

"गानं?" ते विचारात पडले. "शब्द नसेत त्याले. नुसतं हूं हूं करे. चाल आठवून राह्यली मले, पन फोनवर कशी सांगू?"

"म्हणून दाखवा ना."

त्यांनी खाकरून सुरुवात केली. दोन ओळी गुणगुणले, थांबले, "नाई, असं नाई," म्हणाले, परत धरलं. सूर हलत होता. मला ती चाल ओळखू आली नाही. कुठल्याही ओळखीच्या गाण्याशी ती जुळत नव्हती. बाबांचीच असेल, किंवा काकांच्या आठवणीत वाकडी झाली असेल.

आता दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करते. आधी पातळी सांगते, कारण ते आधी तीच विचारतात. यंदा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी दोनशे एकाहत्तर पॉइंट पन्नासच्या मीटरभर वर गेलं. मी सांगितलं. "गेलं काय घर?" त्यांनी विचारलं. "गेलं, काका." "किती हाये त्याच्यावर?" मी हिशेब करून ठेवला होता. एक मीटरभर पाणी, शंभर घनमीटर. "लिटरात सांग," ते म्हणाले. मी म्हटलं, एक लाख. ते बरं म्हणाले. मग त्यांनी आईची तब्येत विचारली, मी त्यांच्या गुडघ्यांची विचारली. त्यांची नात मधेच येऊन फोन मागायला लागली, काका तिला थांब थांब म्हणत होते, आणि मी मोबाइल कानाशी धरून पलीकडच्या त्या घरातले आवाज ऐकत राहिले.